तीस सेंटांची बरणी

‘फुटबॉल’ या शब्दाचा विग्रह करूं गेल्यास पायानें खेळावयाचा चेंडू असा अर्थ निघतो. अमेरिकेंतील फुटबॉल पाहणारास मात्र हा विग्रह मुळींच उपयोगी पडत नाहीं. तेथील चेंडू लंबवर्तुळाकार, दोन्ही टोकांस निमुळता. तो बहुतेक वेळ हातांत धरून पळावयाचें, आणि पळणारास प्रतिपक्षानें झेप घालून भुईस लोळवावयाचें. आमचा पुतण्या मिशिगन विद्यापीठांत शिकला व तेथेंच अ‍ॅन आर्बर गांवीं स्थायिक झाला. त्याच्या घरीं दोन हंगाम काढल्यावर या खेळाचें वेड आम्हांसही लागलें. मॅट्रिकच्या पलीकडे पाऊल न टाकलेल्या माणसानें विद्यापीठाच्या संघाचा अभिमान बाळगावा, ही मौज खरीच. पण त्या गांवांत शनिवारीं घरांत बसून राहणें कठीण आहे. १९२७ सालीं बांधलेल्या तेथील क्रीडांगणांत आज एक लक्ष सात हजारांवर माणसें बसतात. आषाढीची पंढरी पाहिलेल्या डोळ्यांसही तो समुदाय लहान वाटत नाहीं.

परंतु आम्हांस खेळापेक्षां अधिक गोडी लागली ती त्यांच्या स्मृतिचिन्हांची. त्यांत अग्रपूजेचा मान एका बरणीस आहे. १९०३ च्या ऑक्टोबरांत मिशिगनचा संघ मिनेसोटाशीं खेळावयास मिनिआपोलिस येथें गेला. मिशिगनचे गुरु फील्डिंग योस्ट हे मोठे सावध गृहस्थ. परक्याच्या पाण्याचा भरंवसा नको म्हणून त्यांनीं एका विद्यार्थ्यास बाजारांत पाठविलें, आणि त्यानें तीस सेंटांस पांच गॅलनांची, आपल्या लोणच्याच्या बरणीच्या जातीची, मातीची बरणी विकत आणली. सामना ६–६ असा बरोबरींत सुटला. बलाढ्य मिशिगनला रोखल्याच्या आनंदांत लोक मैदानांत घुसले, आणि त्या गर्दींत बरणी तेथेंच राहिली. ती ऑस्कर मुन्सन नांवाच्या सेवकाच्या हातीं लागली. मिनेसोटावाल्यांनीं तिच्यावर ‘ऑस्करनें काबीज केली’ अशा अर्थाचा मजकूर रंगविला. गुणांचे आंकडेही लिहिले, त्यांत स्वतःचा सहा मोठा आणि मिशिगनचा लहान! १९०९ सालीं मिशिगननें पुढचा सामना जिंकून ती परत नेली. तेव्हांपासून जो जिंकेल त्याच्या घरीं ती जाते, आणि प्रत्येक सामन्याचे गुण तिच्या अंगावर लिहिले जातात.

भरतानें सिंहासनावर पादुका ठेविल्या तेव्हां त्यांचें लांकूड कोणत्या जातीचें हें कोणीं विचारलें नाहीं. बरणीचेंही तसेंच आहे.

पुतण्याच्या बैठकींत एक संपूर्ण भिंत या भक्तीला वाहिलेली आहे: जुनीं तिकिटें, छापील कार्यक्रमपत्रिका, पंखांची आकृति रंगविलेलें शिरस्त्राण (हा पंख १९३८ पासूनचा), आणि जेराल्ड फोर्ड यांचें खेळाडूच्या वेषांतील चित्र. हेच फोर्ड पुढें १९७४ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्या चित्रावरूनच आमचा वाद झाला. फोर्ड यांच्या संघांत विलिस वॉर्ड नांवाचा कृष्णवर्णी खेळाडू होता. धांवण्यांत असा पटाईत कीं, १९३५ सालीं त्यानें जेसी ओवेन्सलाही एकदां मागें टाकलें. २० ऑक्टोबर १९३४ रोजीं जॉर्जिया टेकचा संघ अ‍ॅन आर्बरला आला. कृष्णवर्णी माणूस मैदानांत असेल तर आम्ही खेळणार नाहीं, असें त्या दक्षिणेकडील मंडळींचें म्हणणें. विद्यार्थ्यांनीं निषेध केला. तरी वॉर्डला बसवून ठेवण्यांत आलें. त्या वेळीं मिशिगनच्या क्रीडाविभागाचे प्रमुख कोण होते? तेच योस्ट, बरणीवाले. सामना मिशिगननें ९–२ असा जिंकला. त्या हंगामांतील तो त्यांचा एकुलता एक विजय.

“काका, खेळांत हें कशाला आणतां?” पुतण्या म्हणाला. आम्हीं म्हटलें, “आम्ही आणीत नाहीं; तें तेथें आहेच. तुझ्या भिंतीवर मात्र नाहीं.” तो रुष्ट झाला, व दोन दिवस जेवतांना फारसें बोलला नाहीं. परंतु आम्हांस गप्प बसवेना, कारण वॉर्डची हकीकत वाचतांना पुण्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पळवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यांत हिंदूंच्या संघाकडून खेळतांना चहा वेगळा, बाहेर, मातीच्या पात्रांत दिला जाई. चेंडू त्यांच्या हातचा चाले, पेला चालत नसे. तीं पात्रें कोणीं जपून ठेविलीं नाहींत. आमच्या घरांतून त्यांविषयीं कधीं अवाक्षर ऐकल्याचें स्मरत नाहीं, आणि ‘अनेक घरांतून’ असें म्हटलें तरी वाचक रागावणार नाहींत असें वाटतें.

त्याच ऑक्टोबरांत मिनेसोटाविरुद्ध खेळतांना आयोवाच्या ओझी सिमन्स या कृष्णवर्णी खेळाडूस इतका मार बसला कीं, त्याला मैदान सोडावें लागलें. पुढच्या वर्षीं प्रक्षोभ उसळूं नये म्हणून दोन्ही संस्थानांच्या राज्यपालांनीं एका डुकराची पैज लाविली. मिनेसोटा जिंकलें, डुक्कर त्यांना मिळालें, आणि आज त्याची ९८ पौंड वजनाची कांशाची प्रतिमा विजेत्याकडे जाते. प्रतिमा राज्यपालाच्या नांवानें ‘फ्लॉइड’ म्हणून ओळखली जाते. ज्याच्या जखमांवरून हें सारें घडलें, त्याचें नांव डुकराला पाहून कोणास आठवेल?

तथापि अलीकडे कांहीं बदललें आहे. मिशिगन संस्थानच्या विधिमंडळानें २० ऑक्टोबर २०१२ हा दिवस वॉर्डच्या नांवें जाहीर केला. मिशिगन व नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांनीं २०२१ पासून आपल्या सामन्यास जॉर्ज ज्युएट यांच्या नांवाचें चषक ठेविलें आहे. हे ज्युएट १८९० सालीं मिशिगनकडून खेळलेले पहिले कृष्णवर्णी खेळाडू. वैद्यकाचा अभ्यास करावयास ते पुढें नॉर्थवेस्टर्नला गेले आणि तेथेंही खेळले. पहिला सामना मिशिगननें ३३–७ असा जिंकला. पुतण्या त्यास हजर होता. मागाहून त्यानें वॉर्डचें एक छायाचित्र मिळवून फोर्डच्या शेजारीं लाविलें. आम्हांस पत्रानें कळविलें, वादाचा उल्लेख न करितां. ज्युएट चषकाच्या त्या सामन्याचें तिकीटही भिंतीवर लावावें असें त्याच्या मनांत होतें, पण तें भ्रमणध्वनीवरच आलें होतें. चौकटींत घालण्यासारखा कागद त्याच्याजवळ नव्हता.