न वाळलेली गोधडी

कपडे वाळवणे हे उन्हावाऱ्याचे काम, अशी माझी जन्मभराची समजूत. गिरगावातल्या आमच्या चाळीत छताला दांड्या टांगलेल्या असत आणि त्यांवर काठीने धोतरे-पातळे चढवण्याची विद्या आईने मला दहाव्या वर्षीच दिली होती. ऊन असले की दुपारपर्यंत सगळे कडकडीत. श्रावणात तेच कपडे तीन-तीन दिवस दमट राहत, त्यांना कुबट वास येई, आणि तो वास अंगावर घेऊनच आम्ही शाळेत जात असू. याची कुणाकडे तक्रार करायची असते हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

त्यामुळे मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीला लेकीकडे असताना तळघरातून "बाबा, ड्रायर बिघडला!" अशी हाक आली, तेव्हा तीत एवढे घाबरण्यासारखे काय आहे हे मला चटकन कळले नाही. खाली जाऊन पाहतो तो ओल्या कपड्यांचा ढीग. बाहेर गुडघाभर बर्फ. अंगणात दोरी बांधायला वसाहतीच्या नियमाने बंदी. आणि बांधली असती तरी त्या थंडीत सदऱ्याचा पापड झाला असता. नॉर्थ डकोटातल्या रॉस मूर नावाच्या गृहस्थाने असल्याच थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालावे लागू नयेत म्हणून हे यंत्र जमवले आणि १९३८ साली ते बाजारात आले, असे सांगतात. "मुलगा असावा तर असा," असे मी म्हणालो. लेकीने माझ्याकडे पाहिले. गोष्ट सांगण्याची ती वेळ नव्हती.

ढिगाच्या वर नातीची गोधडी होती. नात झाली तेव्हा आमच्या हिने ती स्वतःच्या दोन पातळांची शिवली. त्यातले एक डाळिंबी रंगाचे. ही जाऊन आता दीड वर्ष झाले. पाच वर्षांची नात त्या गोधडीशिवाय झोपत नाही, आणि तीही ड्रायरमधून गरम-गरम काढलेली असली तर तिला अधिक आवडते.

यंत्र बावीस वर्षांचे, घराबरोबर आलेले. जावईबापूंचे मत पडले, नवे घेऊन टाकू. दुरुस्तीवाला नुसता येऊन बघायचे एकशे वीस डॉलर मागत होता. लेक मात्र आईवर गेलेली. तिने स्क्रूड्रायव्हर आणि मीटर आणले, आणि बॅटरी धरण्याचे काम मला दिले. तिच्या लहानपणी मी फ्यूज बांधत असे तेव्हा मेणबत्ती ती धरायची.

पिंप फिरत होते, वारा येत होता, पण गार. तिने प्रथम विजेच्या पेटीतले जोडबटण पूर्ण बंद करून पुन्हा लावले. त्याचे कारण मजेदार आहे. आपल्या घरात २३० व्होल्टची एक तार येते. तिकडे १२० च्या दोन येतात. दिवे-पंखे एकीवर भागवतात, ड्रायरला दोन्ही मिळून २४० लागतात. त्यातही पिंप फिरवणारी मोटर एकाच तारेवर चालते, आणि तापणाऱ्या तारेला मात्र दोन्ही हव्यात. एक तार मेली तर यंत्र खुशाल गरगरत राहते आणि कपडे ओलेच्या ओले. आमच्या बँकेत असे काही साहेब होते. पण इथे दोन्ही तारा शाबूत निघाल्या.

मग प्लग काढून, पाठीमागचा पत्रा उघडून, मीटरचे दोन काटे एकेका भागाला लावणे सुरू झाले. तापणाऱ्या तारेचे वेटोळे इस्त्रीतल्यासारखेच. मला वाटले तेच तुटले असणार. मीटर बोलला, म्हणजे ते ठीक. शेजारी नाण्याएवढी एक चकती होती, तिथे मात्र तो गप्प. आत फाजील तापले की ही चकती एकदाच तुटते आणि पुन्हा जुळत नाही. म्हणजे आपला फ्यूजच की! माझ्यातला गिरगावकर जागा झाला. "चकती काढ आणि दोन तारा एकमेकींना पिळून टाक," मी म्हणालो. चाळीत फ्यूज फार उडू लागला की आम्ही जाड तार बांधून मोकळे होत असू.

"बाबा, घर जाळायचंय का?"

तिचे खरेच होते. चकतीने गुन्हा केला नव्हता, तो होताना पाहून ती पडली होती. आत एवढे तापले का, हा प्रश्न शिल्लकच होता. आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. महिनाभर कपडे एका फेरीत वाळत नव्हते, दोनदा लावावे लागत होते. घडी घालायचे काम माझ्याकडे, तेव्हा हे प्रथम माझ्याच हाताला कळले होते. यंत्र म्हातारे झाले असेल, आता चालायचेच, असे म्हणून मी गप्प बसलो. आपल्या वयाला जे चालते ते सगळ्यांना लावू नये.

यंत्र पुढे ओढले तेव्हा कारण दिसले. गरम दमट हवा भिंतीबाहेर नेणारी पातळ चंदेरी नळी मागे चेपून गेली होती. ती सोडवली आणि लेकीने आत लांब ब्रश घातला. बाहेर आला तो कापूस. कपड्यांची झीज ती. इकडे तिला लिंट म्हणतात. दर खेपेला जाळीवरून मी ती काढत असे आणि सगळी तिथेच अडते अशा समजुतीत होतो. नळीत वर्षांचे थर बसले होते. याला ठिणगी पुरते. अमेरिकेत ड्रायरमुळे दर वर्षी घरांना आगी लागतात, आणि त्यांचे पहिले कारण सफाई न करणे हेच. वर तळघराच्या डोक्यावरच नातीची खोली. बॅटरी धरलेला माझा हात थोडा हलला.

लेक थर सोलून वर्तमानपत्रावर ठेवत होती. करडा, निळसर, पुन्हा करडा. मग एक डाळिंबी निघाला. पुढे आणखी एक. दोघांनाही एकदमच कळले, आणि दोघेही काही बोललो नाही.

"ही आता यंत्रात नको घालू," मी शेवटी म्हणालो. "धुऊन कपाटात ठेवू. विरून चाललीय ती."

"आईनं ती कपाटासाठी नव्हती शिवली," ती नळीतच डोके घालून म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मलाही ठेवावीशी वाटते, बाबा. पण पोरगी रोज ओढून घेते ना."

नवी चकती आणि तिच्या जोडीचा भाग पंचवीस डॉलरला आला. चंदेरी नळीच्या जागी चार इंची पत्र्याचा पाइप बसला; सांध्यांना स्क्रू न मारता पत्र्याची चिकटपट्टी लावली, कारण स्क्रूच्या टोकात कापूस अडकतो. बाहेरच्या भिंतीवरची झडप बर्फाने अर्धी मिटली होती, ती जावईबापूंनी मोकळी केली. यंत्र लागले, आणि चादरी एका फेरीत वाळल्या. नव्या यंत्राचा विषय कुणी काढला नाही.

गोधडीसाठी मी तळघरात दोन खिळ्यांना दोरी बांधली. तीन दिवस लागले. तिसऱ्या रात्री नातीने ती गालाला लावली आणि परत दिली. "आजोबा, ही थंड आहे."

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरले ते असे: वाळायची दोरीवर, आणि झोपण्यापूर्वी फक्त पाच मिनिटे यंत्रात. ती दहा मागत होती. घड्याळ हातात धरून मी ड्रायरपाशी उभा राहतो, आणि ती जिन्यावर बसून मोठ्याने आकडे मोजते. साठाच्या पुढे गेली की चुकते आणि पुन्हा एकपासून सुरू करते.