पांडुरंग सांगवीकर यास

प्रिय पांडुरंग,

तुला अहो-जाहो करायला हवं खरं तर. तू ज्या कादंबरीचा नायक, ती ‘कोसला’ आली १९६३ साली आणि तेव्हा तू पंचविशीचा होतास, म्हणजे आता चांगला आजोबा झाला असतास. पण तू पंचविशीतच राहिलास आणि मी साठीकडे निघालो. त्यामुळे अरे-तुरेच.

पत्राला कारण माझा वर्ग. यंदा मुलांना तुझी पहिली पन्नासेक पानं वाचून यायला सांगितलं होतं. आधी काही सांगितलं नाही. तुझे लेखक नेमाडे, त्यांचं ज्ञानपीठ, तुझी आणि अमेरिकन कादंबरीतल्या त्या होल्डन कॉलफिल्डची तुलना, सगळं बाजूला ठेवलं. नुसतं वाचा आणि या, एवढंच.

पहिला प्रश्न नावाचाच. एकाला वाटलं होतं कोसल देश, म्हणजे रामाचा. रेशमाच्या किड्याचा कोश असतो तो कोसला, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा पडला. दुसऱ्याने वहीत तू किती वेळा ‘वगैरे’ म्हणतोस आणि किती वेळा ‘उदाहरणार्थ’, याच्या रेघा मारून आणल्या होत्या. आमच्या वेळी आम्ही तसं बोलायला लागलो होतो. होस्टेलवर चहा मागतानासुद्धा. आता आठवलं की कान गरम होतात. या मुलाने नक्कल केली नाही, मोजदाद केली. मला ते जास्त बरं वाटलं.

पण खरी गंमत पुढे झाली. आम्ही वीस वर्षांचे असताना सगळे तुझ्या बाजूचे होतो. वडील म्हणजे पैशाचा हिशेब मागणारा माणूस, विषय संपला. ही मुलं मात्र सरळ तुझ्या वडिलांच्या बाजूला जाऊन बसली. खेड्यातून पुण्यात यायचं, होस्टेलचा प्रीफेक्ट व्हायचं, वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी व्हायचं, गॅदरिंगचं नाटक बसवायचं, त्यात घरचे पैसे उडवायचे आणि परीक्षेत माती खायची. ‘सर, याचं काय कौतुक करायचं?’ हे म्हणणारा मुलगा कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत चौघं. डबा एक वेळचा लावलाय, दुसऱ्या वेळी वडापाव. त्याच्या वडिलांनी कापूस विकून फी भरली. त्याला मी परात्मता शिकवायला निघालो होतो! तो शब्द खडूने फळ्यावर लिहिला होता, तो हळूच पुसला.

वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं पुस्तक शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केलेलं आहे आणि ही मुलं त्या नव्याण्णवांतलीच आहेत. आम्ही तुझे भक्त मात्र पुढे उरलेल्या एकात जाऊन बसलो, प्राध्यापक झालो, तुझ्यावर पेपर वाचले. तुला आमचाच जास्त कंटाळा आला असता.

एका मुलीने मात्र सांगितलेल्या पानांपलीकडचं चाळलं होतं. तिने विचारलं, ‘सर, याच्या बहिणीला देवी येतात आणि ती मरते कशी? अंगात आल्यावर कुणी मरतं का?’

दोघं-तिघं हसली. मीही हसलो असतो, पण तिची चूक नव्हती. देवी या रोगाचा आपल्याकडचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. त्यानंतर तीस-एक वर्षांनी जन्मलेल्या पोरीला देवी म्हणजे देवळातलीच माहीत असणार. मी शर्टाची बाही वर केली आणि दंडावरचा वण दाखवला. लहानपणी देवी काढल्या होत्या त्याचा, रुपयाएवढा. मागच्या बाकांवरची मुलं उठून बघायला आली. एकीने बोट लावून पाहिलं. म्हणाली, ‘आमच्या आजीला आहे असा. आम्हाला वाटायचं भाजलंय.’

मग तो कॉट बेसिसवाला म्हणाला, ‘म्हणजे तेव्हा लस होती?’

होती. कधीपासूनच होती. देवी निर्मूलनाची देशभरची मोहीमसुद्धा १९६२ ला सुरू झाली, तुझं पुस्तक यायच्या आदल्या वर्षी.

‘मग टोचली का नाही?’

हे त्याने मला विचारलं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी ज्यांची बाजू घेऊन तो भांडत होता, त्या तुझ्या वडिलांनाच तो विचारत होता. ओळखीच्या माणसाला विचारावं तसं, जरा रागाने. वर्गात कुणी काही बोललं नाही. मग घंटा झाली.

त्या मरणावर तू काय काय बोलला आहेस, ते मी सांगितलं नाही. ती पानं पुढच्या आठवड्यात येतील. मी अजूनही ती मोठ्याने वाचू शकत नाही, म्हणून वाचायचं काम त्यालाच दिलंय.

तुझा,
एक जुना वाचक

ता. क. ‘वगैरे’ मोजणाऱ्याचा आकडा कळवत नाही. त्याची मोजणी अजून चालू आहे.