कार्डाच्या देण्यासाठी कर्ज

क्रेडिट कार्डाचं देणं फेडायला आमच्या पतसंस्थेनं कर्ज देऊ नये, असं माझं ठाम मत होतं. शिक्षक आणि शिक्षकेतर सेवकांच्या या संस्थेच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षं आहे. मुलांचं शिक्षण, घरदुरुस्ती, लग्न, आजारपण अशा कारणांसाठी मंजुरी देताना माझा हात कधी आखडला नाही. पण कारणाच्या रकान्यात ‘कार्डाची थकबाकी’ दिसली की मी विरोधात बोलायचे. याची टोपी त्याला घालायला आपण का मदत करायची? ज्यानं अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, त्याला इतर सभासदांच्या ठेवींतून पैसे का द्यायचे? आज मी अशा अर्जांच्या बाजूनं बोलते. मत का बदललं ते मोकळेपणानं सांगायला हवं, कारण समितीतल्या काही सहकाऱ्यांना माझं जुनंच मत अजून पटतं.

त्या मतामागे कारण होतं. आमच्याकडे कर्जाला दोन जामीनदार लागतात. कर्जदाराचे हप्ते थकले की जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू होते. सहकाऱ्याच्या शब्दाखातर सही केलेल्या माणसाला पगारपत्रक हातात आल्यावर काय वाटतं, ते मी पाहिलं आहे. त्यामुळे आधीच कर्जात असलेल्याला आणखी कर्ज देणं मला जामीनदारांशी केलेली प्रतारणा वाटायची.

मग एका शाळेतले भाऊसाहेब अर्ज घेऊन आले. वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयानं आगाऊ रक्कम मागितली, आणि रात्रीच्या वेळी हाताशी होतं ते कार्ड त्यांनी पुढे केलं. देणं लाखाच्या घरात होतं. सोबत एक फाइल होती. दर महिन्याचं बिल, त्याला टाचलेली भरणा केल्याची पावती, सगळं तारखेवार. प्रत्येक बिलावर एका रकमेभोवती लाल पेन्सिलीनं गोल केलेला. “एकही तारीख चुकवली नाही, मॅडम,” ते म्हणाले. लाल गोल होता तो ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ या आकड्याभोवती. त्याच्या वरचा ‘टोटल अमाउंट ड्यू’ हा आकडा महिनोन्‌महिने जवळपास जागचा हललेला नव्हता.

मी ज्याला उधळ्या म्हणत होते, तो माणूस हा नव्हता. शाळेचा पै-पैचा हिशेब ठेवणारा, वेळेवर पैसे भरणारा हा माणूस होता, आणि तरीही तो बुडत चालला होता. म्हणून मी आकडेमोड करायला बसले.

समजा, कार्डावर 1,00,000 रुपये देणं आहे. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के. कार्डांच्या बाबतीत हा दर नेहमीचाच आहे. एका महिन्याचं व्याज झालं 3,500 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 630 रुपये, एकूण 4,130. किमान रक्कम पाच टक्के धरली तर 5,000 रुपये. म्हणजे पाच हजार भरल्यावर मुद्दल कमी झालं फक्त 870 रुपयांनी. असंच किमान रक्कम भरत राहिलं, आणि कार्डावर नवा एक रुपयाही खर्च केला नाही, तरी दोन वर्षांत लाखाहून जास्त पैसे भरून ऐंशी हजारांच्या आसपास देणं उरतंच.

आता तेच लाख रुपये 12 टक्के दरानं दोन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता येतो साधारण 4,707 रुपये. पाच हजारांपेक्षाही कमी. दोन वर्षांत व्याज जातं सुमारे तेरा हजार, आणि चोविसाव्या हप्त्याला कर्ज संपतं.

हे दोन हिशेब शेजारी-शेजारी मांडल्यावर माझा जुना युक्तिवाद टिकेना. कर्जावर कर्ज म्हणून मी ज्याला नावं ठेवत होते, त्यात माणसाचं एकूण देणं वाढत नव्हतं. 42 टक्क्यांचं, शेवट नसलेलं देणं जाऊन त्या जागी ठरलेल्या तारखेला संपणारं देणं येत होतं. आणि जामीनदाराच्या दृष्टीनंही पगारात मावणारा हप्ता असलेला कर्जदारच जास्त सुरक्षित होता.

आणखी एक गोष्ट भाऊसाहेबांना माहीत नव्हती, आणि मलाही नव्हती. कार्डावरच्या खरेदीला पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी मुदत मिळते, पण ती आधीचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच. बाकी ठेवली की नव्या खरेदीला, अगदी महिन्याच्या किराण्यालाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर शुल्क वेगळं. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. भाऊसाहेबांच्या फाइलमधल्या प्रत्येक बिलावर तो होता. पण वडील अतिदक्षता विभागात असताना माणूस तारीख आणि रक्कम एवढंच बघतो.

या व्याजाला वरून मर्यादा येईल, अशीही आशा आता नाही. 30 टक्क्यांपेक्षा जास्त दर ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द ठरवला. तेव्हा महाग कर्जातून बाहेर पडायचा रस्ता स्वस्त कर्जातूनच जातो.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. पुढे 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला आणि 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या माणसाला परवडणारं कर्ज मिळावं, यासाठीच सहकारी पतपुरवठा उभा राहिला. कार्डाच्या देण्यात अडकलेल्या सभासदाला दारातून परत पाठवणं म्हणजे आपल्या संस्थेचं मूळ कामच नाकारणं आहे, असं मला आता मनापासून वाटतं.

कर्ज सरसकट द्यावं, असं मात्र मी म्हणत नाही. कर्जातून कार्ड फेडलं आणि पुन्हा तेच कार्ड भरलं, तर दोन्ही देणी डोक्यावर बसतात. म्हणून कर्जाची रक्कम थेट कार्डाच्या खात्यात भरली जावी, आणि कार्ड बंद केल्याचा किंवा मर्यादा कमी केल्याचा पुरावा सभासदानं द्यावा, असा माझा आग्रह असतो. देणं चुकतं केल्यावर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झाली नाही, तर पुढे रोज 500 रुपये दंड कार्ड देणाऱ्या बँकेनं ग्राहकाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सभासदांना तो माहीत हवा. बाहेरून वैयक्तिक कर्ज घेणाऱ्यांनाही मी सांगते: नुसता हप्ता बघू नका. सर्व शुल्कं धरून वर्षाचा खरा दर किती, ते सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ ऑक्टोबर 2024 पासून द्यावंच लागतं. ते मागून घ्या, आणि मुदतीआधी फेडल्यास किती आकार लागेल तेही त्यात वाचा.

कार्डाबद्दलचा रागही गेला. पूर्ण बिल आपोआप खात्यातून वळतं होईल अशी सोय करून मीही आता कार्ड वापरते. खात्यात जेवढे पैसे आहेत तेवढीच खरेदी करणाऱ्याला कार्ड त्रास देत नाही.

समितीपुढे माझी एकच मागणी आहे. कार्डाच्या देण्याचे अर्ज आकस्मिक कर्जात धरावेत आणि पुढच्या मासिक सभेपर्यंत थांबवू नयेत. आपण निर्णय एक महिना लांबवला, की लाखामागे चार हजार रुपये त्या सभासदाच्या घरातून जातात.