मळी, माल्ट आणि चिकरी

चेन्नईच्या टी. नगरात कॉफीपूड घ्यायला गेलं की दुकानदार आधी एवढंच विचारतो, "सार, चिकरी?" आपण "वीस" म्हणायचं. ऐंशी-वीस, सत्तर-तीस, साठ-चाळीस, ज्याची जशी जीभ. पूड समोर दळून मिळते, पिशवी हातात घेतली तर अजून गरम असते. बंद पाकिटावर तर कायद्यानेच छापावं लागतं: कॉफी इतके टक्के, चिकरी इतके टक्के. कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली गेलेली चालत नाही. चिकरी घालणं कोणाला कमीपणाचं वाटत नाही. कितीतरी घरांना तिच्याशिवाय डिकॉक्शन पातळ वाटतं. फक्त ती किती, हे लपवायचं नाही.

*

टास्मॅकच्या, म्हणजे तमिळनाडू सरकारच्या दारू महामंडळाच्या, दुकानातून आणलेली व्हिस्कीची क्वार्टर टेबलावर ठेवून लेबल वाचलं. (खिडकीपाशी वाचत उभं राहायची सोय नाही, मागचा माणूस कोपर लावतो.) दारूचं प्रमाण ४२.८ टक्के. विक्री फक्त तमिळनाडूत. किंमत, बॅच, भरल्याचा महिना, अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, कॅरॅमलचा रंग. इशारा इंग्रजीत, शिवाय तमिळमध्ये: दारू देशाला, घराला, जिवाला घातक. बुचावर होलोग्राम. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'निवडक माल्टचं मिश्रण' अशा थाटाची ओळ.

माल्ट किती? ते नाही. किती दिवस पिंपात होता, पिंपात होता तरी का? तेही नाही.

४२.८ म्हणजे जुन्या ब्रिटिश प्रूफ मापातले ७५ अंश. दशांश चिन्हापर्यंत नेमकं सांगणं या लेबलाला जमतं, एवढं लक्षात ठेवायचं.

*

आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मोठा वाटा न्यूट्रल स्पिरिटचा (स्वतःची चव नसलेल्या मद्यार्काचा), आणि ते बहुतेक वेळा मळीचं. वर थोडं माल्ट स्पिरिट, पाणी, रंग. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला मळी समजावून सांगावी लागत नाही; कारखान्याचा सीझन लागला की वाराच सांगतो. मळीला नावं ठेवायचं काही कारणही नाही. रम तिचीच होते आणि रम पिणारा मान खाली घालून पीत नाही. युरोपीय संघात मात्र व्हिस्की म्हणायला धान्य लागतं, त्यामुळे इथल्या कितीतरी खपाऊ व्हिस्क्या तिकडे त्या नावाने विकताच येत नाहीत. भारताचे २०१८चे नियम, जे १ एप्रिल २०१९पासून लागू झाले, न्यूट्रल स्पिरिट चालवून घेतात. स्पिरिट धान्याचं असलं की कंपनी 'ग्रेन' हा शब्द मिरवते. मळीचं असलं की लेबल बहुधा नुसतं 'न्यूट्रल' होतं. चांगला शब्द आहे. कोणाचीच बाजू घेत नाही.

*

तमिळनाडू ब्रँडी पिणारा मुलूख. सर्दी-खोकल्याचं निमित्त असतंच, नसलं तरी चालतं. 'ब्लेंडेड ब्रँडी' म्हणायला द्राक्षाची खरी ब्रँडी किमान २ टक्के पुरते. उरलेल्या ९८ टक्क्यांत न्यूट्रल स्पिरिट चालतं. बाटलीवर द्राक्षांचा घड काढायला मात्र टक्केवारीची अट नाही. शंभर मिलीत दोन मिली म्हणजे चमचाभरही नाही. आता चिकरीचा नियम ब्रँडीला लावून बघा: 'द्राक्ष २ टक्के, इतर ९८ टक्के'. असं पाकीट कॉफीवाल्याने लावलं तर उस्मान रोडपर्यंत हसू ऐकू येईल.

*

वयाबद्दल. स्कॉचचा नियम सरळ आहे: ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं, आणि बाटलीवर वय छापायचंच तर मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या दारूचं. भारतात व्हिस्कीला पिंपात ठेवायची सरसकट किमान मुदतच नाही. सकाळी टँकरमधून उतरलेलं स्पिरिट पुढे व्हिस्की म्हणून बाटलीत भरलं तर कायदा आडवा येत नाही.

पण वयाच्या आकड्याला मी फार भाव देत नाही, निदान आपल्या हवेत. बेंगळुरूत पिंपातली दारू वर्षाला दहा-बारा टक्के उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोनच्या आसपास. तिकडे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बेंगळुरूची अमृत डिस्टिलरी जगदाळे कुटुंबाची (आडनाव ऐकून मराठी कान टवकारतातच), १९४८ साली सुरू झालेली. २००४मध्ये त्यांनी आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोत विकायला नेली. पुढे आठ वर्षं पिंपात टिकवलेली एक व्हिस्की काढली, तिला नाव दिलं 'ग्रीडी एंजल्स'. हावरे देवदूत! आठ वर्षांत पिंपात उरतं तरी किती? तिकडचं बारा आणि इकडचं आठ एकाच फूटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून वय नसलं तरी चालेल, घटक सांगा, असं माझं मत.

*

सगळं सांगणंही गुन्हा ठरू शकतो. लंडनच्या कंपास बॉक्स कंपनीने २०१५मध्ये आपल्या दोन स्कॉच ब्लेंडमधल्या प्रत्येक घटकाचं वय आणि प्रमाण जाहीर केलं. तक्रार झाली. कायद्याप्रमाणे वय सांगायचं तर फक्त सगळ्यात कोवळ्याचं. एकोणीस वर्षांच्या सोबतीला चाळीस वर्षांची दारू आहे, हे सांगितलं तर म्हणे गिऱ्हाईक त्या चाळीसला भुलेल. माहिती उतरवावी लागली. संस्थापक जॉन ग्लेझर यांनी २०१६मध्ये नियम बदलावा म्हणून मोहीम काढली. तोवर वाट काढली ती अशी, की ज्याने स्वतःहून विचारलं त्याला सांगायचं.

नियमामागे कारण आहे, हे मान्य. चमचाभर चाळीस वर्षांची घालून पुढे मोठा '४०' छापणारे निघतीलच. पण प्रमाणासकट वय सांगणाऱ्यालाही त्याच दोरीने बांधायचं?

*

खानापूर-आटपाडीकडची गलाईची माणसं देशभर सोनं वितळवतात, तमिळनाडूतही गावोगाव आहेत. विट्याकडचे एक पाहुणे टी. नगरात खरेदीला आले होते. पनगल पार्कच्या बाजूची सराफी दुकानं बघून झाली, संध्याकाळी घरी बाटली निघाली. त्यांनी ती दिव्याकडे धरून हलवली.

"पाव्हणं, हिचा टंच किती?"

"लिहिलेला नाही, दाजी."

"मग भाव कशावर लावला?"

सोन्याचा साधा दागिना घ्या: शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक, १ एप्रिल २०२३पासून त्याशिवाय विक्री नाही. बुचावरच्या होलोग्रामला मी तसंच काहीतरी समजायचो, असं दाजी म्हणाले. तो होलोग्राम सरकारचा कर भरल्याचा. आत काय आहे त्याच्याशी त्याचं देणंघेणं नाही.

*

कॉफीवाल्याला जो प्रश्न सरकार विचारतं तो दारूवाल्याला का नाही? मला वाटतं, कॉफी पिणारा ग्राहक आहे; दारू पिणारा कायद्याच्या लेखी पापी आहे, आणि करदाता. पाप्याला उपदेश करायचा, करदात्याकडून वसुली करायची, हिशेब कोणाला द्यायचा? मद्रास इलाख्यात राजाजींनी १९३७मध्ये सेलम जिल्ह्यापासून दारूबंदी आणली. ती १९७१मध्ये उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. १९८३मध्ये टास्मॅक आलं आणि २००३च्या अखेरीस किरकोळ दुकानंही सरकारनेच घेतली. आता एकच हात इशारा छापतो आणि तोच गल्ला मोजतो. महाराष्ट्राने हसू नये. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि घोट घ्यायला कागदोपत्री परवाना लागतो. परवाना काढून पिणाऱ्यालाही पेल्यात मळी किती, हे कोणी सांगत नाही.

*

'सांगितलं तर धंदा बसेल' हा कंपन्यांचा युक्तिवाद. चिकरीने कॉफीचा धंदा बसलेला टी. नगरात तरी दिसत नाही. साठ-चाळीस पिणारा साठ-चाळीसच मागून घेतो, पैसेही त्याच हिशेबाने देतो.

*

जुलै २०२५मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्याप्रमाणे स्कॉचवरचं दीडशे टक्के आयातशुल्क आधी पंचाहत्तरवर आणि दहा वर्षांत चाळीसवर यायचं आहे. पिंपांतून येणारी स्कॉच स्वस्त झाली की 'स्कॉच माल्टसह' असं मिरवणाऱ्या देशी बाटल्या वाढणार. त्या 'सह'मध्ये दोन टक्के असतील, बारा असतील. कॉफीचा कायदा समोर आहे, मसुदा नव्याने लिहायचीही गरज नाही. 'चिकरी'च्या जागी 'न्यूट्रल स्पिरिट' घातलं तरी भागेल.