उरलेल्या गाठीचं सांगणं

प्रिय वहिनी,


ताईंच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ‘गाठीचा अंश शिल्लक’ असं वाचून तुमच्या पोटात गोळा आला, हे पत्रातून कळलं. आधी केमो देऊनही गाठ पूर्ण गेली नाही, म्हणजे ती सगळी वाया गेली, असा अर्थ तुम्ही काढला आहे. तो बरोबर नाही. केवळ धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. हातात असलेल्या पुराव्यावरून लिहितो आहे.

अमेरिकेत १९८८ मध्ये ‘एनएसएबीपी बी-१८’ ही चाचणी सुरू झाली. पंधराशेहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना केमो ऑपरेशनआधी दिली, निम्म्यांना तीच औषधं ऑपरेशननंतर. दोन्ही गटांतल्या स्त्रिया सारख्याच प्रमाणात जगल्या. पण आधी केमो घेतलेल्यांपैकी ज्यांच्या स्तनात ऑपरेशनच्या वेळी आक्रमक कॅन्सर उरलाच नव्हता, त्यांचं पुढचं आयुष्य इतरांपेक्षा बरं गेलं. २०१४ मध्ये बारा चाचण्यांतल्या जवळपास बारा हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हाही हेच दिसलं. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-टू, सगळ्याच तपासण्या निगेटिव्ह) आणि हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू प्रथिन जास्त असलेल्या) प्रकारांत तर फार ठळकपणे. तुमची भीती इथूनच येते आणि ती निराधार नाही. मात्र त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट आढळली. एखाद्या औषधाने गाठ पूर्ण जाणाऱ्यांची संख्या वाढवली, म्हणून त्या गटाचं आयुष्य त्याच मापाने वाढलं असं झालं नाही. ‘बी-२७’ चाचणीत डोसेटॅक्सेल हे औषध जोडल्यावर गाठ पूर्ण जाण्याचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं, तरी मृत्यू कमी झाले नाहीत. गाठ विरघळते की नाही, यावरून बऱ्याच अंशी त्या कॅन्सरचा स्वभाव कळतो, एवढंच. जीव घेतात त्या गाठीतून आधीच निसटून हाडांत, यकृतात, फुप्फुसांत जाऊन बसलेल्या पेशी. आणि स्तनात जे औषध चाललं ते तिथेही तितकंच चालेल असं नाही.

म्हणून उरलेल्या गाठीकडे मी निकाल म्हणून पाहत नाही. ऑपरेशन आधी उरकलं असतं, तर ताईंना दिलेलं औषध लागू पडतंय की नाही हे कळायला काही मार्गच राहिला नसता. आता ते कळलं आहे आणि त्यावर पुढचं पाऊल टाकता येतं. हर-टू पॉझिटिव्ह प्रकारात गाठ उरलेल्या १४८६ रुग्णांची ‘कॅथरीन’ चाचणी झाली. नेहमीच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाऐवजी टी-डीएम१ हे औषध दिलं, तेव्हा तीन वर्षांनी आक्रमक कॅन्सर न उलटता राहणाऱ्यांचं प्रमाण ७७ वरून ८८ टक्क्यांवर गेलं. पुढे मृत्यूही कमी झाल्याचं सिद्ध झालं. जपान आणि दक्षिण कोरियातल्या ‘क्रिएट-एक्स’ चाचणीत गाठ उरलेल्या हर-टू निगेटिव्ह रुग्णांना कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. ट्रिपल निगेटिव्ह गटात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७० वरून ७९ टक्क्यांवर पोचलं. हार्मोन पॉझिटिव्ह, संथ वाढणाऱ्या प्रकारात तर केमोने गाठ पूर्ण जाणं मुळातच विरळ, दहांत एकीचंही नाही. तिथे खरा भरवसा वर्षानुवर्षं घ्यायच्या हार्मोनविरोधी गोळीवर असतो.

तुम्ही विचाराल, जगणं सारखंच असेल तर ऑपरेशन लांबवायचं कशाला? तेवढ्यात रोग पसरला तर? दहा जुन्या चाचण्यांतल्या ४७५६ स्त्रियांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांनंतरही आधी आणि नंतर केमो घेतलेल्या दोन्ही गटांत स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू जवळजवळ सारखे होते, म्हणजे थांबल्याने जिवाचं नुकसान झालं नाही; शिवाय अनेकींचा स्तन वाचवता आला. त्याच हिशेबात आधी केमो घेतलेल्यांना त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण मात्र २१ टक्के होतं, इतरांना १६. म्हणून गाठ हाताला लागेनाशी झाली तरी ऑपरेशन टाळायचं नसतं. (हे शेजारच्या काकूंनाही सांगा, ‘गाठ गेली, आता कशाला कापाकापी’ ही समजूत फार घातक आहे.) गाठ जाण्याचा आणि जगण्याचा मेळ कधीच बसत नाही, असंही मी म्हणणार नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर असलेल्या ७२० स्त्रियांच्या चाचणीत कार्बोप्लॅटिन जोडल्यावर गाठ पूर्ण जाणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेलं आणि आयुष्यही वाढलं. पण तो लाभ मुख्यतः पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांना झाला. प्रकार कोणता, वय काय, किती उरलं, काखेत उरलं का, यावर सगळं ठरतं. ‘शिल्लक’ या एका शब्दावर काहीच ठरत नाही.

तेव्हा पुढच्या तारखेला ताईंना एकटं पाठवू नका. बायोप्सीचा जुना आणि ऑपरेशनचा नवा, असे दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या. उरलेल्या गाठीची हार्मोन आणि हर-टू तपासणी पुन्हा झाली का, आणि आता पुढचं औषध कोणतं, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
भाऊजी