शांततेला तारण

अमेरिकेत आगगाडीचा भोंगा बंद करून मिळतो. फुकट नव्हे; पण मिळतो. ही बातमी आमच्या साडूंची. त्यांचं तिकडचं घर रुळांपासून हाकेच्या, म्हणजे भोंग्याच्या अंतरावर आहे. २००५ पासूनचा केंद्रीय नियम असा, की सार्वजनिक फाटकाआधी गाडीने किमान १५ सेकंद भोंगा वाजवायचा. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. आवाज ९६ ते ११० डेसिबल. रात्री तीन वाजताही तोच.

भोंगा नको असेल तर 'शांतता क्षेत्र' मागायचं. ते नियम मी वाचले, आणि २३ वर्षं कर्जखात्याच्या टेबलावर काढलेल्या माणसाला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. सरळसरळ कर्जप्रकरण आहे हो! साडूंनी अर्ज करून भागत नाही, रेल्वे कंपनीनेही नाही. पुढाकार नगरपालिकेसारख्या संस्थेने घ्यायचा. क्षेत्र किमान अर्ध्या मैलाचं. प्रत्येक सार्वजनिक फाटकाला लुकलुकते दिवे आणि आपोआप पडणारे दांडे हवेतच. ही झाली किमान शिल्लक. वर भोंगा गेल्याने वाढणाऱ्या धोक्याचा हिशेब, आणि त्यापोटी तारण.

तारण काय? तर चार दांडे, किंवा रस्त्यात दुभाजक, नाहीतर रस्ताच कायमचा बंद. कारण तिकडे साधा दांडा अर्धाच रस्ता अडवतो आणि उरलेल्या अर्ध्यातून मोटारी नागमोडी घुसतात. आपल्याकडे दांड्याखालून सायकल आडवी करून काढणाऱ्यांचे हे श्रीमंत चुलतभाऊ!

"एवढी कटकट कशाला?" साडू फोनवर करवादले. मी म्हटलं, "अहो, फ्लोरिडा!" १९८४ साली त्या राज्याने एका रेल्वेमार्गावर रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद करायची मुभा गावांना दिली. दांडे होते, दिवे होते, घंटासुद्धा होती. तरी रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले. १९९१ मध्ये केंद्राने भोंगा पुन्हा सुरू करायला लावला. गावं शांत झोपली होती त्या काळात फाटकावर मेलेल्यांची नोंद कुठल्या खात्यात घालायची, हे मला अजून सुचलेलं नाही.

साडू गप्प झाले. मग मी त्यांना एक कलम वाचून दाखवलं. शांतता क्षेत्रातही रुळावर कोणी माणूस किंवा जनावर दिसलं तर ड्रायव्हरने भोंगा खुशाल वाजवावा, स्वतःच्या एकट्याच्या मताने. शाखाधिकाऱ्याची सही लागत नाही.