हे ३० म्हणजे काय?

औंढा नागनाथ म्हटले की आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कोणालाही तेथील प्राचीन ज्योतिर्लिंग आठवते. अलीकडे मात्र धर्मग्रामातील मुले मला तेथल्या दुसऱ्याच एका वास्तूविषयी विचारतात, ‘फादर, तिथं काय बांधणार आहेत?’

तेथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. अशा लहरींची पहिली चाहूल १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांना लागली. त्यांच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा सूक्ष्म होता. इतका क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा काढतात त्या संगणकाच्या आज्ञावली. या पद्धतीच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’चे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाचा मोठा वाटा आहे.

मला सर्वाधिक भावली ती पुढची गोष्ट. फेब्रुवारी २०१६ मध्ये हा शोध जाहीर करताना शास्त्रज्ञांनी मोजमापांबरोबर ती कशी तपासावी हे पायरीपायरीने समजावणारी आज्ञावलीही सर्वांसाठी खुली केली. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या काही संशोधकांनी त्या मोजमापांवर शंका घेतली. सारे काही उघड्यावर असल्यामुळे इतरांनी ते गणित पुन्हा करून पाहिले आणि शंकेला उत्तर दिले. दुसऱ्याला वाचता येते, म्हणूनच ते तपासता येते.

हे वाचताना मी मनोमन शरमलो. त्याचे कारण सांगतो.

२००१ च्या सुमारास, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, मी हौसेने संगणक शिकलो आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी शोधून देणारी एक छोटी आज्ञावली लिहिली. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे ठेवले. जगाने नुकताच ज्या चुकीचा धसका घेतला होता, तीच चूक मी शहाणपण समजून केली! ३० च्या आतला आकडा आला की एकविसावे शतक, पुढचा आला की विसावे, असा नियम घातला. चलांना नावे दिली क, ख, ग. शेजारी एका शब्दाचीही टीप लिहिली नाही. वाटले, मला कळते ना, मग झाले.

बदली झाली. अनेक वर्षांनी तेथील कार्यालयात काम करणाऱ्या मुलीचा दूरध्वनी आला. वयाचा दाखला मागायला आलेल्या एका आजीबाईंना तिने ‘नोंद नाही’ म्हणून दोनदा परत पाठवले होते. दुसऱ्या खेपेस आजीबाई म्हणाल्या होत्या, ‘देवाच्या वहीत माझं नावच नाही का गं?’ हे ऐकून त्या मुलीने जुनी कागदी नोंदवही उघडली. १९२८ च्या पानावर नाव स्वच्छ अक्षरांत होते. संगणकाने मात्र ते २०२८ मध्ये नेऊन ठेवले होते!

‘फादर, मी तुमची आज्ञावली उघडून पाहिली. पण हे ३० म्हणजे काय?’ तिने विचारले.

मला चटकन उत्तर देता आले नाही. माझेच लिखाण समजून घ्यायला मला दोन संध्याकाळ लागल्या.

सेमिनरीत प्रवचनकला शिकवणारे आमचे गुरुजी म्हणत, प्रवचन शेवटच्या बाकावरच्या म्हातारीसाठी तयार करा. आज्ञावलीही तशीच लिहायला हवी होती. यंत्राला क आणि ‘जन्मवर्ष’ सारखेच. फरक पडतो तो पुढे वाचणाऱ्या माणसाला. म्हणून नाव अर्थाचे असावे, एका पायरीत एकच काम असावे आणि आकड्यामागचे कारण शेजारी लिहिलेले असावे. ‘काय केले’ हे वाचणारा ओळींवरून ताडू शकतो. ‘का केले’ हे लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते.

त्या मुलीच्या मदतीने मी वर्षे चार आकड्यांत आणली, नावे बदलली आणि टिपा लिहिल्या. मग तिला म्हटले, ‘मला न विचारता वाचून दाखव.’ तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, एकदाच अडखळली. तेथे आणखी एक टीप घातली.

आजीबाईंना दाखला तिसऱ्या खेपेस मिळाला. पहिल्या दोन खेपांची पायपीट मात्र माझ्या नावावर आहे.